बिननंबरची ओळ

१

हरी सोनटक्के मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला गेला, आणि बारा वाजायच्या आत त्याच्या मशिनमधलं कार्ड गायब झालं. पहिली बातमी आम्हाला त्याच संध्याकाळी कळली. दुसरी कळायला नऊ दिवस लागले.

मी शरद तांबवेकर. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर होऊन चार वर्षं झाली. मशिनमधलं मला काही कळत नाही, म्हणूनच ही हकीकत मी सांगितलेली बरी. जे मला समजलं ते कोणालाही समजेल. कळतं ते माझ्या बायकोला. कुमुदिनी इंदूरच्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये सव्वीस वर्षं टर्निंग, म्हणजे लेथवर लोखंड फिरवून कातायचं काम, शिकवत होती. सांवेर रोडवरच्या पुष्कळ कारखान्यांत तिचा एखादा तरी विद्यार्थी लेथवर उभा असतो. हरी तिच्या अगदी पहिल्या बॅचचा. वयानं तिच्याहून चारच वर्षांनी लहान, पण शेवटपर्यंत तिला वाकून नमस्कार करायचा.

नवव्या दिवशी दुपारी हरीची मुलगी सुरभी आमच्याकडे आली. ती परदेशीपुऱ्यातल्या एका शाळेत गणित शिकवते. रडून झालेलं होतं. तिनं मोबाइलवरचे फोटो कुमुदिनीपुढे ठेवले आणि सरळ मुद्द्यावर आली. कारखान्याचं म्हणणं होतं की हरीनं चक नीट आवळला नाही. चक म्हणजे लेथचा पंजा, त्यात काम घट्ट धरून गरगर फिरवतात. पंजा सैल राहिला, तीस किलोचं बिडाचं कास्टिंग, म्हणजे ओतीव ताट, सुटलं, दाराची काच फोडून बाहेर आलं आणि हरीच्या छातीवर बसलं. म्हणजे चूक हरीची. सरकारी निरीक्षकांचा अहवाल सोमवारी पक्का होणार होता आणि सोमवारीच ते मशिन दुसऱ्या माणसाच्या हाती देऊन सुरू करणार होते.

"काकू, एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही," सुरभी म्हणाली. "घरी पाण्याची बाटली बंद केली तरी दोनदा पिळून बघायचे. आणि त्यांच्या नावावर हे लिहिणार?"

कुमुदिनी फोटो मोठे करून बघत होती. एका फोटोवर ती थांबली. मशिनच्या पॅनेलचा फोटो होता, एका गोल नॉबचा. नॉबचा काटा पन्नासवर होता.

"हा फोटो कधीचा?" तिनं विचारलं.

अपघातानंतर पंधरा मिनिटांतला, सुरभीनं सांगितलं. तिचा भाऊ अभिराम त्याच कारखान्यात प्रोग्रामर आहे, त्यानंच काढलेला.

कुमुदिनी उठली, कपाटातून जाड तळाचे बूट काढले आणि मला म्हणाली, "अहो, गाडी काढा. हरीला माहीत होतं."

२

वाटेत मी विचारलं, काय माहीत होतं? तेव्हा तिनं मला समजेल असं सांगितलं.

मोठ्या ताटासारखं काम लेथवर सपाट करायचं असतं. हत्यार कडेपासून मध्याकडे सरकत जातं. कापण्याचा वेग कायम राहावा म्हणून हत्यार जसं मध्याजवळ जाईल तसं मशिन आपोआप जास्त जोरात फिरायला लागतं. मध्याशी तर ते पार वेडं होतं. म्हणून प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एक ओळ लिहावी लागते की काही झालं तरी मिनिटाला अमुक फेऱ्यांच्या पुढे जायचं नाही. हरीच्या त्या कामाला सहाशेची मर्यादा हवी होती. मशिनची स्वतःची ताकद तीन हजारांची. तीन हजारांवर तीस किलोचं ताट कुठलाही चक धरून ठेवू शकत नाही.

"आणि तो नॉब?"

"त्यानं वेग हातानं कमी करता येतो. पण निम्म्यापर्यंतच, म्हणजे इथे दीड हजार. त्याच्या खाली जात नाही. हरीनं तो पार खाली आणून ठेवला होता. प्रोग्रॅमात मर्यादा असती तर त्याला नॉबला हात लावायची गरजच नव्हती."

कारखान्याचे मालक देवेंद्र बोरगावकर कुमुदिनीला चांगले ओळखत होते. त्यांना वाटलं, सोमवारच्या आधी एका जाणत्या बाईंनी मशिन तपासून ठीक म्हटलं तर बरंच. त्यांनी चहा मागवला, हरीबद्दल दोन शब्द बोलले, ते खोटे वाटले नाहीत. चौदा वर्षांपूर्वी ते मशिन नवं आलं तेव्हा पहिली दोन वर्षं ते स्वतः त्यावर उभे राहत, हेही त्यांनी सांगितलं. मग हात पसरून म्हणाले, "मॅडमजी, क्या है कि माणूस थकतो. पन्नाशी उलटली. एक दिवस हात ढिला पडला, बस."

कुमुदिनीनं सगळ्यात आधी ते कास्टिंग मागितलं. ते कोपऱ्यात पोत्याखाली होतं. तिनं गुडघ्यावर बसून त्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि मलाही बघायला लावलं. पंजाच्या तीन बोटांच्या दातांचे तीन ठसे होते, तिन्ही सारखे आणि खोल. ठशांपासून पुढे लांब ओरखडे गेले होते.

"सैल धरलं असतं तर ठसे उथळ असते," ती देवेंद्रजींना म्हणाली. "हे घट्ट होतं. घट्ट असून ओढून काढलंय. वेगानं."

देवेंद्रजी वाकून ठसे बघू लागले. त्यांच्यामागे मॅनेजर विक्रांत उभा होता, पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट. तो म्हणाला की प्रोग्रॅमात वेगाची मर्यादा होती. निरीक्षकांना प्रिंट दिली आहे, त्यात ती ओळ स्पष्ट आहे, मॅडम हवं तर बघू शकतात.

"प्रिंट नको," कुमुदिनी म्हणाली. "मशिनवर जे चाललं ते दाखवा."

तेव्हा ते बाहेर आलं. त्या दिवशी प्रोग्रॅम एका छोट्या मेमरी कार्डावरून चालला होता. कार्ड पॅनेलच्या खाचेत होतं. हरीला उचलून गाडीत घातलं त्या गडबडीत ते कोणीतरी काढलं. खाच रिकामी होती, आणि कार्ड कुठे आहे ते कोणालाच माहीत नव्हतं.

३

पुढचे दोन तास कुमुदिनीनं माणसांशी बोलण्यात घालवले. आधी विक्रांत.

त्याच्याशी बोलताना मला वाटलं, सापडला. अपघाताच्या तीन दिवस आधी, शनिवारी, एका मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट झालं होतं. ऑडिटरनं विचारलं, ऑपरेटर मशिनवर उभ्या उभ्या प्रोग्रॅम बदलतात का? बदलतात म्हटल्यावर त्यानं वहीत लाल शेरा मारला. त्याच दिवशी विक्रांतनं नियम केला. प्रोग्रॅम ऑफिसातून कार्डावर येईल, थेट कार्डावरून चालेल, पॅनेलवर कोणी काही टाइप करायचं नाही. पॅनेलला एक चावी असते. ती फिरवून काढून घेतली की टाइप करणंच बंद होतं. चावी विक्रांतच्या खिशात गेली.

कुमुदिनीनं विचारलं, हरी चावी मागायला आला होता का?

विक्रांतनं शर्टाची बाही सारखी केली. आला होता, म्हणाला. मंगळवारी सकाळी, साडेदहाला, कार्डावरचा पहिलाच प्रोग्रॅम चालवायच्या आधी. दोन मिनिटांसाठी चावी द्या म्हणाला. मी विचारलं कशाला, तर सांगेना. नुसतं म्हणाला, सवय आहे.

"मग?"

"मॅडम, नियम सगळ्यांना सारखा. कारण सांगितलं असतं तर दिली असती." थोड्या वेळानं, कोणी विचारलं नसताना, तो पुन्हा म्हणाला, "कारण सांगायला पाहिजे होतं त्यांनी."

मग अभिराम. चोवीस वर्षांचा, डिप्लोमा झालेला, दाढी वाढलेली. बाप गेल्यावर तेराव्याच्याही आधी कामावर आला होता, कारण सोमवारच्या सुरुवातीसाठी प्रोग्रॅम त्यालाच करायचे होते. चौदा महिन्यांपूर्वी हरीनंच देवेंद्रजींच्या मागे लागून त्याला इथे लावलं होतं. त्याच्या आधी हरी प्रोग्रॅम हातानं लिहायचा. मुलगा आल्यावर मालकांनी कॉम्प्युटर घेतला, सॉफ्टवेअर घेतलं.

अभिरामनं मला नीट समजावून सांगितलं, त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे. कॉम्प्युटरवर चित्र काढलं की सॉफ्टवेअर हत्याराची वाट ठरवतं. पण ती वाट मशिनला कळत नाही. प्रत्येक मशिनच्या कंट्रोलरची, म्हणजे मेंदूची, भाषा थोडी वेगळी. मध्ये एक दुभाषी लागतो, त्याला पोस्ट म्हणतात. दुभाषी बरोबर नसला तर चित्र बरोबर असून उपयोग नाही. या जुन्या कंट्रोलरसाठी बरोबर पोस्ट मिळेना. सॉफ्टवेअरवाल्यांकडे नव्हती, करून द्यायला ते तयार नव्हते. त्यानं इंटरनेटवरून, मित्रांकडून एकेक आणून सात पोस्ट लावून बघितल्या. पहिल्या सहांवर मशिन अडून बसलं. सातवी चालली.

"चालली म्हणजे?" कुमुदिनीनं विचारलं.

"म्हणजे चाललीच, मॅडम. चौदा महिने एक पीस रिजेक्ट नाही."

तिनं ती प्रिंट मागितली. अभिरामनं फाइलमधून काढून दिली. एक पान. डाव्या कडेला ओळींचे नंबर, दहा, वीस, तीस, असे शेवटपर्यंत. वीस आणि तीसच्या मध्ये एकच ओळ बिननंबरची होती: G92 S600.

"ही मर्यादा," अभिराम म्हणाला.

कुमुदिनी त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं कागदाची घडी घालून पर्समध्ये टाकली आणि बाहेर आली. गेटपाशी सुरभी वाट बघत उभी होती. आमच्या घरून तशीच मागोमाग आलेली. तिला सगळं ऐकायचं होतं. चावीचं ऐकल्यावर तिचे ओठ पांढरे पडले.

"विक्रांतनंच कार्ड काढलं," ती म्हणाली. "चावी दिली नाही हे लपवायला. काकू, त्याला सोडू नका."

"सुरभी, तू घरी जा," कुमुदिनी म्हणाली. आवाज इतका मऊ होता की मी चमकून तिच्याकडे बघितलं. बत्तीस वर्षांच्या संसारात हा आवाज मी दोनदाच ऐकला आहे, आणि दोन्ही वेळा पुढे काही चांगलं ऐकायला मिळालं नव्हतं.

४

शुक्रवारी सकाळी ती पुन्हा गेली. अभिरामची त्या दिवशी सुट्टी होती, घरी विधी होते. देवेंद्रजींच्या परवानगीनं ती त्याच्या कॉम्प्युटरवर बसली. तेच चित्र काढलं, तीच सातवी पोस्ट लावली, नव्यानं प्रोग्रॅम काढला आणि जुन्या प्रिंटच्या शेजारी ठेवला. मला म्हणाली, एकेक ओळ वाचा, फरक दिसला तर सांगा.

पार्सलच्या याद्या ताडून बघण्यात माझा जन्म गेला. दोन मिनिटांत सांगितलं. सगळं सारखं, फक्त ती बिननंबरची ओळ नव्यात नाही.

"म्हणजे पोस्ट मर्यादा लिहीतच नाही," कुमुदिनी म्हणाली. "ही पोस्ट ज्या मशिनसाठी केलेली आहे तिथे मर्यादा दुसरीकडे एकदाच भरून ठेवत असतील. ही ओळ कोणीतरी नंतर हातानं टाकली."

"हरीनं?"

ती मला मशिनपाशी घेऊन गेली. विक्रांतकडून चावी घेऊन पॅनेल उघडलं. मशिनच्या पोटात जुने प्रोग्रॅम होते, ऑडिटच्या आधीचे, अभिरामच्या हातचे. एकोणचाळीस. तिनं एकेक उघडून दाखवला. प्रत्येकात वरती, वीस आणि तीसच्या मध्ये, एक बिननंबरची ओळ. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर हेच प्रोग्रॅम तिनं आधीच बघितले होते. तिथे एकातही ती ओळ नव्हती.

मला हळूहळू उमगलं. चौदा महिने मुलगा प्रोग्रॅम पाठवत होता आणि बाप रोज सकाळी मशिनपाशी उभा राहून, कोणाला न सांगता, त्यात एक ओळ घालत होता.

"मग ही पण त्याचीच," मी प्रिंटकडे बोट दाखवलं.

"नीट वाचा. इथे काय लिहिलंय?"

मशिनमधल्या एकोणचाळीस ओळी होत्या G50. प्रिंटवरची होती G92.

तिनं मशिनच्या कपाटातून तेलकट पुस्तक काढलं. या कंट्रोलरवर G50 म्हणजे कमाल वेगाची मर्यादा. G92 म्हणजे आटे पाडणे, स्क्रूला असतात तसे. दुसऱ्या जातीच्या कंट्रोलरवर नेमकं उलटं, तिथे G92 म्हणजे मर्यादा. दोन भाषांत एकच शब्द आणि अर्थ वेगळा. हरीच्या मशिनवर ती ओळ असती तरी नसल्यासारखीच झाली असती.

"हरी ही चूक करणार नाही. आणि केली असती तर कुठे? चावी शनिवारपासून विक्रांतच्या खिशात." ती खुर्चीवर बसली. "विक्रांत कॉमर्सवाला आहे. त्याला एकही कोड येत नाही. त्याला ओळ घालायची असती तर या पुस्तकातून उतरवली असती, म्हणजे G50. देवेंद्रजी या मशिनवर दोन वर्षं उभे होते, ते झोपेतसुद्धा G50 लिहितील. अहो, ज्यानं ही ओळ लिहिली त्यानं हे पुस्तक कधी उघडलेलंच नाही. आणि त्याला आजही माहीत नाही की त्यानं चुकीचं लिहिलंय."

माझ्या मनात नाव आलं होतं, पण मी ते उच्चारलं नाही. तिनंही नाही. तिनं पुस्तकात त्या पानावर खुणेचा कागद घातला.

५

शनिवारी दहा वाजता तिनं अभिरामला मशिनपाशी बोलावलं. मी लांब थांबतो म्हटलं तर नको म्हणाली.

तिनं त्याला कोरा कागद आणि पेन दिलं. "सहाशेची मर्यादा कशी लिहितोस, दाखव."

त्यानं जराही न अडखळता लिहिलं: G92 S600.

"हे कुठे शिकलास?"

"इन्स्टिट्यूटमध्ये. तिथल्या सिम्युलेटरवर."

तिनं पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं, पान आधीच उघडून ठेवलेलं. त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मग तिनं पॅनेलवर जुना प्रोग्रॅम उघडला, मग दुसरा, मग तिसरा, आणि प्रत्येकात त्या ओळीवर बोट ठेवत गेली. सहाव्या की सातव्या प्रोग्रॅमला अभिरामनं तिचा हात धरून थांबवला.

"ही कोणी टाकली?" त्यानं विचारलं, पण त्याला उत्तर नको होतं.

"तुझी पोस्ट कधीच चालली नाही, अभिराम. ती हरी चालवत होता."

तो खाली बसला, लोखंडाच्या किसाच्या ढिगाशेजारी, फरशीवर. जे झालं ते त्यानं तुटक तुटक सांगितलं. आवाज ऐकून तो धावत आला होता. वडिलांना गाडीत घातल्यावर त्याला लोकांनी मागे ठेवलं, कारण त्याची अवस्था बघवत नव्हती. पॅनेलसमोर उभं राहून त्यानं नॉबचा फोटो काढला. का काढला ते त्याला सांगता येईना. तेव्हाच त्याची नजर स्क्रीनवर गेली आणि दिसलं की मर्यादेची ओळ नाही. चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्यानं ती शोधली होती. त्यानं कार्ड काढून खिशात टाकलं. ऑफिसात जाऊन कॉम्प्युटरवर ओळ घातली, पाठ होती तशी, आणि प्रिंट काढली. तासाभरानं दवाखान्यातून फोन आला, वडील वाटेतच गेल्याचा.

"मला वाटलं ते वाचतील," तो म्हणाला. "वाचले असते तर मी त्यांना सांगितलं असतं. मग निरीक्षक म्हणाले, ओळ आहे म्हणजे चक सैल असणार. मी काही बोललोच नाही. मी फक्त बोललो नाही, मॅडम."

"मी हरीला शिकवलंय," कुमुदिनी म्हणाली. "तो तुला एकदा तरी सांगू शकला असता. सांगितलं नाही, ती त्याची चूक. विक्रांतनं चावी दिली नाही, ती त्याची. मालकांनी तुझं काम कधी कोणाकडून तपासून घेतलं नाही, ती त्यांची. पण ही ओळ तुझी आहे. तिच्यामुळे तुझ्या बापाच्या नावावर खोटं लिहिलं जातंय."

त्यानं पाकीट काढलं. बापाच्या पासपोर्ट फोटोच्या मागे ते कार्ड होतं, नखाएवढं. त्यानं ते तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते परत त्याच्या हातात दिलं.

"हे मी देणार नाही. तू जा."

मला त्या क्षणी वाटलं होतं की तो जाणार नाही. दोन वाजता सुरभीचा फोन आला. अभिराम निरीक्षकांच्या घरी गेला होता, कार्ड घेऊन, एकटा.

६

रविवारचा सगळा दिवस कुमुदिनी कारखान्यात बसली आणि त्या कंट्रोलरसाठी पोस्ट स्वतः लिहिली. जी वस्तू सात वेळा शोधून मिळाली नव्हती ती नऊ तासांत तयार झाली. कुठल्या तरी जाणत्या माणसाला कोणी विचारायचीच खोटी होती. सोमवारी नव्या माणसानं बटण दाबलं. ताट फिरायला लागलं, हत्यार मध्यावर गेलं, आकडा सहाशेला जाऊन तिथेच थांबला. देवेंद्रजींनी तिचे आभार मानले आणि नारळ फोडला.

अहवाल बदलला. हरीची चूक नव्हती, चक घट्ट होता, असं त्यात स्वच्छ लिहिलं. त्याखाली लिहिलं की प्रोग्रामरनं सदोष प्रोग्रॅम दिला आणि पुरावा दडवला. पोलिसांनी अभिरामला मंगळवारी नेलं. चावीबद्दल कुमुदिनीनं दोन पानं जबाब दिला होता, त्यातलं एक वाक्य अहवालात आलं, तेही असं की प्रोग्रॅम बदलण्यावर नियंत्रण ठेवण्याची चांगली पद्धत कारखान्यानं अलीकडेच सुरू केली होती. हरीनं चावी मागितल्याची गोष्ट आता आठवत नाही, असं विक्रांतनं सांगितलं. इतर ऑपरेटरांनी काही ऐकलं नव्हतं. त्यांना उद्या कामावर यायचं होतं, मी त्यांना नावं ठेवत नाही.

गुरुवारी आम्ही परदेशीपुऱ्यात हरीच्या घरी गेलो. दोन खोल्या, बाहेर तुळशीऐवजी कोरफडीची कुंडी. हरीची बायको रमाबाई पाटावर मेथी निवडत बसल्या होत्या. सुरभी आतल्या खोलीत होती. तिचं आणि आईचं बोलणं शनिवारपासून, अभिराम कार्ड घेऊन गेला तेव्हापासून, बंद होतं. आम्ही आलेलो कळूनही ती बाहेर आली नाही.

कुमुदिनीनं अहवालाची नक्कल पुढे ठेवली. हरीचं नाव साफ झालं, एवढंच ती म्हणू शकली. रमाबाईंनी कागदाला हात लावला नाही.

"त्यांना माहीत होतं ना, मुलाची चूक आहे ते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग मशिन सुरू कशाला केलं? नाही म्हणायचं होतं."

"नाही म्हटलं असतं तर कारण विचारलं असतं," कुमुदिनी म्हणाली. "कारण सांगितलं असतं तर अभिरामची नोकरी गेली असती. त्याला वाटलं असेल, एक दिवस नॉबवर भागवू."

रमाबाईंनी मेथीची एक काडी निवडली, मग दुसरी. पानं एका बाजूला, देठ एका बाजूला. मग त्या बोलल्या. आवाजात राग नव्हता, राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"मॅडम, तुम्ही शिकवलेलं त्यांनी शेवटपर्यंत डोक्यावर धरलं. तुम्हाला मी काही बोलणार नाही. पण तुम्ही आला नसतात तर मला एकालाच रडायचं होतं."

कुमुदिनीनं अहवालाची नक्कल घडी करून परत पर्समध्ये ठेवली. रमाबाईंनी चहा विचारला, आम्ही नको म्हटलं, त्यांनी आग्रह केला नाही. निघताना मी आतल्या दाराकडे बघितलं. पडद्याखाली सुरभीची पावलं दिसत होती, दाराच्या अगदी जवळ, हलत नव्हती.

अभिरामला महिन्यानं जामीन मिळाला, पण तो घरी राहत नाही. देवासला एका मित्राकडे असतो. लेथवर त्याला आता कोणी घेणार नाही. काल कुमुदिनीच्या नावानं कोर्टाचा कागद आला. तिनं तो वाचून टेबलावर ठेवला आणि आत गेली, म्हणून मी उचलून बघितला. पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेला तिला साक्षीला बोलावलंय. अभिराम सोनटक्केच्या विरुद्ध, सरकारी पक्षाची पहिली साक्षीदार म्हणून.